आठवी इतिहास: १८७५ चे दख्खनचे दंगे मुलांना कागदपत्रांवरून शोधायला लावायचे आहेत, प्रश्न कसा मांडावा?

खडूफळा

आठवीचा पट ५८, तासिका ३५ मिनिटांची आणि इतिहासाच्या वाट्याला आठवड्याला दोनच. इंग्रजी राजवटीतला शेतकऱ्यांचा असंतोष हा भाग व्याख्यान न देता मूळ साधनांवरून शिकवायचा आहे. घटना १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची घेतली आहे, म्हणजे शेतकऱ्यांनी सावकारांची घरं फोडून कर्जाचे कागद जाळले ती. शाळा पुणे जिल्ह्यातलीच आहे आणि दंगे जिथे सुरू झाले ते सुपे गाव बऱ्याच मुलांना ठाऊक आहे.

अडचण अशी की ‘दंगे का झाले?’ असं विचारलं की मुलं गाईडमधली चार कारणं उतरवून आणतात. गटकार्य दिलं तर एक जण लिहितो, बाकीचे बघत बसतात. तीन तासिकांपेक्षा जास्त वेळ काढता येणार नाही, पोर्शन मागे पडतो. प्रश्न कोणता ठेवावा, साधनं कोणती द्यावीत आणि गुण कशाला द्यावेत?

जुनेकागद

‘का झाले?’ याचं उत्तर छापून तयार आहे, म्हणून मुलं ते उतरवतात. कागदपत्रांमध्येच ज्याबद्दल एकमत नाही असा प्रश्न घ्या. इथे तो आयता मिळतो: दंग्यांना जास्त जबाबदार कोण, सावकार की सरकार?

सरकारने दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला. शेतसाऱ्याचा बोजा हे कारण होतं का, हे खास तपासायला त्याला सांगितलं होतं. आयोग म्हणाला, सारा कारण नाही, दोष सावकारांचा. हा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. सारा ठरवणारं सरकार आणि आयोग नेमणारंही सरकारच, हे मुलांच्या आपणहून लक्षात यायला हवं. तुम्ही आधी सांगितलंत तर शोधायला काही उरत नाही.

साधनं चारच द्या. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात यातले मूळ उतारे इंग्रजी-हिंदीत आहेत. मराठी तुम्हालाच करावं लागेल. प्रत्येक उतारा ८० ते १०० शब्दांत बसवा. कापताना कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं आणि कधी, या तीन गोष्टी मात्र कापू नका. बहुतेक जण नेमकं हेच काढून टाकतात आणि मग ‘यावर विश्वास ठेवावा का?’ हा प्रश्न विचारायला जागाच राहत नाही.

पहिलं साधन पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं १६ मे १८७५ चं पत्र. दंगा १२ मे रोजी झाला, हे साहेब १५ तारखेला सुप्याला पोचले. सावकाराचं एक घर जाळलं, डझनभर घरं फोडली, हिशेबाचे कागद, रोखे (कर्जाचे लेखी कागद), धान्य, कापड रस्त्यात जाळलं आणि राखेचे ढीग अजून दिसताहेत, असं ते लिहितात. नुकसानीचा अंदाज २५,००० रुपयांच्या वर, पण सावकारांच्या म्हणण्याप्रमाणे १ लाखाच्या वर. मुलांना दोनच गोष्टी विचारा. लुटायला आलेली माणसं हिशेबाचे कागद कशाला जाळतील? आणि एकाच नुकसानीचे दोन आकडे कसे?

दुसरं साधन नोव्हेंबर १८७३ चं भाडेपत्र. माझ्या मते सगळ्या घटकाचा जीव यात आहे. शेतकरी लिहून देतो की कर्जापोटी लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल मी तुम्हाला विकले. पुढे त्याच कागदात लिहितो की त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून महिना ४ रुपये भाड्याने घेतले. विचारा: कागद होण्याआधी बैल कोणाचे? नंतर कोणाचे? वर्षाचं भाडं किती? बैल मेला तर तोटा कोणाचा? शेवटच्या प्रश्नाला कागदात उत्तर नसेल तर ‘हे साधन सांगत नाही’ असं लिहायची सवय लावा.

तिसरं साधन कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज. उधारीचा माल रोखीपेक्षा २५ ते ५० टक्के महाग मिळतो, शेतातला माल सावकार नेतो पण खात्यावर जमा दाखवत नाही, पावती देत नाही, अशी तक्रार त्यात आहे. चौथं साधन आयोगाचा निष्कर्ष. त्याच पानावर खाली, पहिल्या आकारणीनंतर ३० वर्षांनी झालेल्या फेरआकारणीत सारा ५० ते १०० टक्के वाढल्याची नोंद द्या.

क्रम बदलू नका. आयोग आधी दिला तर ‘सरकारी अहवाल म्हणजे खरं’ असं धरून मुलं थांबतात.

खडूफळा

क्रमाचं पटलं. पण ५८ मुलांत हे बसवायचं कसं? झेरॉक्सचा खर्चही बघावा लागतो.

जुनेकागद

चौघांचे १२ गट आणि पाचांचे २ गट करा. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, बाकं हलवायची नाहीत. एका प्रतीत दोघं, पाचांच्या गटाला तीन प्रती, म्हणजे प्रत्येक साधनाच्या ३० प्रती. अर्ध्या पानावर एक साधन, म्हणजे सगळे मिळून ए-फोरचे ६० कागद. प्रती परत घेतल्या तर दुसऱ्या तुकडीला चालतात.

पहिल्या तासिकेत पहिली दोन साधनं. आधी ५ मिनिटं खत (कर्जाचा करार), रोखा, मुदत, तारण, कुळ हे शब्द फळ्यावर सोडवून घ्या. मग साधन दिल्यावर ४ मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपल्या वहीत दोन ओळी लिहायच्या. ‘एक जण लिहितो’ हा प्रकार इथेच बंद होतो. नंतर ६ मिनिटं गटात बोलणं. गटातल्या प्रत्येकाला क्रमांक द्या आणि उत्तर कोण देणार हे तुम्ही क्रमांक पुकारून ठरवा, नाहीतर हुशार मुलंच बोलतात.

तासिका संपताना प्रत्येकाने १० गुण सावकार आणि सरकार यांच्यात वाटून वहीच्या समासात लिहायचे. पाच-पाच चालणार नाहीत. हीच वाटणी दुसऱ्या तासिकेला (अर्ज आणि आयोग) आणि तिसऱ्या तासिकेला (चर्चा आणि लेखन) पुन्हा करायची. वाटणी बदलली तर कोणत्या साधनामुळे बदलली ते बाजूला एका ओळीत. ती ओळ तपासा, बाकी वही तपासली नाही तरी चालेल.

व्याजबट्टा

एक भर घालतो. मुदतीचा कायदा सांगितल्याशिवाय कागद जाळण्याचा अर्थ पुरता लागत नाही, आणि तो गणिताने दहा मिनिटांत होतो. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत ३ वर्षं ठरली. हेतू व्याज साचू नये हा होता. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेई आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवी.

समजण्यापुरते आकडे घ्या: मुद्दल १०० रुपये, व्याज महिना शेकडा २, शेतकऱ्याने काहीच फेडलं नाही. तीन वर्षांचं व्याज ७२, म्हणून नवं खत १७२ चं. पुढच्या तीन वर्षांत १७२ वर व्याज १२३ रुपये ८४ पैसे, म्हणजे येणं जवळजवळ २९६. खत बदललंच नसतं तर सहा वर्षांनी २४४ झाले असते. आणि आपल्याकडच्या दामदुपटीच्या रिवाजाने व्याज मुद्दलाच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून २०० वर थांबायला हवं. नव्या खतात व्याज मुद्दलात जिरलेलं असतं, त्यामुळे दामदुपट मोडल्याचं कागदावर दिसतच नाही. हे तीन आकडे मुलांनी स्वतः काढले की रस्त्यातल्या राखेच्या ढिगाबद्दल वेगळं समजवावं लागत नाही.

त्या काळी रुपयाचे आणे-पै होते, पण मुलांना दशांशातच करू द्या. आण्यांत शिरलात तर तासिका तिथेच संपते.

नकाशेवाला

‘अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले, म्हणून दंगे’ हे वाक्य मुलं हमखास लिहितात. तेही तपासायला लावा. महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशावर कापसाचा पट्टा एका रंगाने, दंग्यांचे जिल्हे दुसऱ्या रंगाने. कापूस मुख्यतः खानदेश-वऱ्हाडात, दंगे पुणे आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत, पर्जन्यछायेतल्या ज्वारी-बाजरीच्या मुलखात. रंग एकमेकांवर बसत नाहीत. मग पुढचा प्रश्न: कापूस फारसा न पिकवणाऱ्याला कापसाच्या मंदीचा फटका कसा बसेल? युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीत (१८६१ ते १८६५) सावकारांचा हात सैल होता, मंदीत त्यांनी कर्ज देणं आखडलं, हा दुवा काही गटांना सापडतो, काहींना नाही. न सापडणाऱ्यांना लगेच सांगून टाकू नका, त्यांना रंगवलेला नकाशा आणि मिरजगावचा अर्ज शेजारी ठेवून पुन्हा बघायला सांगा.

नकाशात एक खबरदारी घ्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. जुन्या तालुक्याचं नाव साधनात आलं की मुलं नव्या नकाशात ते शोधत बसतात.

खडूफळा

गुणांचं राहिलं. शिवाय एक काळजी आहे. साधनांत सावकारांचा उल्लेख मारवाडी, गुजराती असा येतो. वर्गात त्या घरांतली मुलं आहेत.

जुनेकागद

काळजी रास्त आहे, आणि ती पहिल्याच तासिकेआधी करायला हवी. साधनातला शब्द खोडू नका, पण कामाच्या कागदावरचे सगळे प्रश्न व्यवहाराबद्दल ठेवा: दर किती, पावती का नाही, मुदत कोणी ठरवली. कोणी ‘ते लोक असेच’ म्हणालं तर लगेच ‘हे कोणत्या साधनात लिहिलंय?’ असं विचारा. चारही साधनांत सावकाराचं स्वतःचं म्हणणं फक्त त्या १ लाखाच्या आकड्यापुरतं येतं, हे मुलांच्या नजरेस आणा. मग गटांना सावकाराला विचारायचे तीन प्रश्न लिहायला सांगा. बियाण्याला आणि साऱ्याच्या हप्त्याला दुसरं कोण पैसे देत होतं, हा प्रश्न बहुधा निघतोच. नाही निघाला तर तुम्ही घाला.

गुण १० पैकी: स्पष्ट मत १, मताच्या बाजूचे दोन पुरावे साधनाचा उल्लेख करून ४, मताच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा आणि त्याचं उत्तर ३, कोणत्याही एका साधनावर किती विसंबावं याचं कारण २. मत सावकाराच्या बाजूचं की सरकारच्या, याला गुण नाहीत, आणि हे मुलांना आधीच सांगा. विरुद्ध पुराव्याचे ३ गुण सुरुवातीला बहुतेकांचे जातात. ‘माझं मत असं, पण अमुक साधनात तमुक लिहिलंय, तरीही...’ हा साचा फळ्यावर लिहून ठेवला की त्यांना वाट सापडते.

वेळ उरलाच तर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा दोन ओळींत द्या: कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही, आणि खताच्या मागचा जुना व्यवहार न्यायालयाने उकरून बघायचा. मुलांना विचारा, ते चार बैल विकून भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्याला यातल्या कोणत्या कलमाचा उपयोग झाला असता.