ऑइल टाकीचं झाकण: एमसील लावा, पण छिद्र सोडून

भाऊ, टू-स्ट्रोक गाडीच्या ऑइल टाकीचं (इंजिनाचं तेल वेगळं भरायची टाकी) तडकलेलं झाकण वरून सगळं एमसीलने (दोन भाग मळून लावायची, सुकल्यावर कडक होणारी लुकण) लिंपून टाका, असं इथे एकाने सुचवलंय. तसं नका करू. बहुतेक झाकणांत हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, तेल पंपाकडे उतरेनासं होतं आणि धुळे-जळगाव रस्त्यावर भर उन्हात पिस्टन जाम. झाकणापायी इंजिनाच्या बोअरचा (सिलिंडर घासून घ्यायचा) खर्च!

झाकण काढल्या काढल्या टाकीच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा, आपल्याकडची धूळ काय विचारता. झाकण पेट्रोलने पुसून साबणाने धुवा, वाळवा. तेलकट राहिलं तर एमसील धरत नाही. तडा पॉलिश पेपरने खरवडा, छिद्रात टाचणी खोचा आणि मगच लिंपा. एमसील ओलं असतानाच टाचणी फिरवून काढायची. मे महिन्यात एमसील हातातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडंच मळा. रात्रभर सुकू द्या.

मेणचट प्लास्टिकवरून मात्र एमसीलचे पोपडे निघतात. तिथे सोल्डरिंगच्या गरम टोकाने तडा सांधलेला बरा, पण पेट्रोल पुरतं उडाल्यावरच. आटेच गेले असतील तर सरळ नवं झाकण घ्या, रबरी वॉशरसकट.