पत्र्याची ट्रंक : पुण्यात बोर्डिंगात राहून शिकलेल्यांचा अनुभव धागा

गेल्या आठवड्यात घराचं रंगकाम काढलं. माळा रिकामा करताना माझी ट्रंक खाली आली. झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटने माझं माहेरचं नाव, मु. पो. बार्शी, जि. सोलापूर आणि कोपऱ्यात २७. रंगारी म्हणाला, "काकू, भंगारात द्यायची का?" मला काही बोलताच येईना.

२७ हा माझा वसतिगृहातला नंबर. ताटावर २७, तांब्यावर २७, बादलीवर २७, परकराच्या नेफ्यावर आईने लाल दोऱ्याने घातलेले २७. १९६९ ते १९७५, पाचवी ते दहावी, मी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात होते. बार्शीहून छोट्या रेल्वेने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने पुणे, स्टेशनवरून टांगा. वडिलांनी बोहरी आळीत ट्रंक घेतली आणि तिथेच नाव घालून घेतलं. रंग ओला होता, म्हणून टांग्यात ती त्यांनी मांडीवर आडवी धरली. वसतिगृहाच्या दारात उतरलो तेव्हा माझ्या आडनावाचं शेवटचं अक्षर त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर उमटलं होतं. तसेच ते परत गेले. झाकणावर ते अक्षर आजही पुसट आहे.

पहाटे पाचला घंटा व्हायची. मोरीत तांब्याचा बंब. पहिल्या आठ-दहा जणींना कढत पाणी, पुढच्यांना कोमट, शेवटच्यांना बंबाची नुसती ऊब. थंडीत खोबरेल तेल गोठायचं, तेव्हा बाटल्या बंबाच्या अंगाला टेकवून ठेवायचो. एकदा एकीच्या बाटलीत मोहरीच्या तेलासारखा पिवळा रंग दिसला. तिच्या आजीने त्यात तूप घालून पाठवलं होतं, वरणभातावर घ्यायला, बाईंना कळू नये म्हणून. ते आम्ही चौघींनी पुरवून पुरवून खाल्लं.

शिस्त, संस्कार, स्वावलंबन हे सगळे लिहितातच, आणि ते खरंही आहे. मला तुमच्या ट्रंकेत काय होतं ते हवंय. वस्तू, वास, पदार्थ. शाळेचं नाव लिहा, नका लिहू, तुमची मर्जी. गाव आणि साल मात्र घाला.

*

चिपळूण, १९७०–७६

२७, तुझी खाट खिडकीखाली होती. मी ३१! तुपाच्या बाटलीतली मी चौथी!

माझ्या ट्रंकेत वर कपडे आणि तळाला कोकण असायचं. फणसपोळी, आंबोशी, कोकमं, कुळथाचं पीठ. चिपळूणहून एसटी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड-साताऱ्यावरून स्वारगेटला येईपर्यंत कोकमाचा रस वहीला लागलेला असायचा. घरून आलेला खाऊ बाईंकडे जमा करायचा नियम होता, म्हणजे ज्यांच्याकडून काही येत नाही त्यांनाही मिळतं. तेव्हा राग यायचा. पुढे कळलं की आमच्या ओळीतल्या दोघींना सहा वर्षांत एकदाही पार्सल आलं नव्हतं, आणि हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते बाईंनी घडवून आणलं होतं.

अनंत चतुर्दशीला आम्हाला गॅलरीत बसायची परवानगी असायची. दिवसा मानाचे पाच जायचे, कसबा, जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, आणि रात्र पडली की रोषणाईचे गणपती. वळकटी पाठीशी घेऊन बसायचं. ढोल जवळ आला की गॅलरीचं लाकूड तळहाताला जाणवायचं. पहाटे डोळे मिटायचे, उघडायचे, मिरवणूक चालूच. दुसऱ्या दिवशी पाचची घंटा व्हायची नाही. वर्षातला तेवढाच एक दिवस.

*

३१, मी तुला किती वर्षं शोधतेय! सासरचं आडनाव माहीत नसलं की आपल्या पिढीतल्या मुली सापडतच नाहीत. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघ. (२७)

*

बीड जिल्हा, १९७१–७५

माझी ट्रंक नव्हती. गोणपाटाची पिशवी होती. ट्रंक दुसऱ्या वर्षी एका वरच्या वर्गातल्या मुलाने जाताना दिली. त्यावर त्याचं नाव होतं, ते मी तसंच ठेवलं.

७२ च्या दुष्काळात आमची विहीर आटली, बैल विकले. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. रोजाने मिळायचं त्यातून ते मला दर महिन्याला दहा रुपयांची मनिऑर्डर करत. त्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, निरोप लिहायचा. पोस्टमन पैसे देऊन तो तुकडा फाडून आपल्याला द्यायचा. वडिलांना अक्षरओळख नव्हती. कामावरचा मुकादम लिहून द्यायचा, म्हणून दर वेळी मजकूर त्याच्या भाषेतला: "इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे." एकाच तुकड्यावर, मला वाटतं ७३ च्या उन्हाळ्यातल्या, शेवटी वेगळंच वाक्य आहे. "माय म्हंते उपाशी नको राहू." मुकादमाने ते शुद्ध करून लिहिलं नाही, आई बोलली तसंच उतरवलं. आईचे शब्द कागदावर तेवढेच आहेत माझ्याकडे.

आणि मी उपाशी नव्हतो, हेच तर मला खात होतं. मेसमध्ये रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी असायची, बाहेरगावची पोरं नाकं मुरडायची. मला दोन वेळा पोटभर मिळत होतं. गावाकडे सुकडी वाटत होते. मी भाकरी वाळवून ठेवायला लागलो, सुट्टीत घरी न्यायला. ट्रंकेत मुंग्या झाल्या आणि रेक्टर सरांना कळलं. सरांनी भाकऱ्या टाकून द्यायला लावल्या, काही बोलले नाहीत. सुट्टीला निघालो त्या दिवशी कोठीतून चार-पाच किलो ज्वारी बांधून दिली, आणि पावती केली. स्वतःच्या नावावर, पैसे भरून. पावती मी पाहिली म्हणून कळलं.

सर आता नाहीत. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

*

सांगली, १९९१–९७

शिवाजीनगरची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल. शाळा १९३२ पासूनची. आमच्या ट्रंका काळ्या, सगळ्यांच्या सारख्या, आत काय कुठे ठेवायचं तेही ठरलेलं. पॉलिशची डबी, ब्रश, ब्रासोची बाटली, पट्ट्याचं बक्कल. ब्रासोचा वास आला की अजून मी बक्कल शोधतो. घोड्यावर बसायला शिकलो ते तिथेच. बाकी सवडीने लिहितो.

*

गाव लिहीत नाही, ऐंशीचं दशक

सगळ्यांचं गोड चाललंय. माझं तसं नाही, तरी लिहितो.

मी आठ वर्षांचा होतो. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. आमच्याकडे अशा मुलाने सकाळी स्वतःची सतरंजी डोक्यावर घेऊन अंगणात उभं राहायचं, बाकीचे प्रार्थनेला जाईपर्यंत. सतरंजीचं पाणी मानेवरून आत उतरायचं. ते थंड नसायचं, कोमट असायचं. मी रात्री पाणी प्यायचं सोडलं, मग संध्याकाळचं जेवण सोडलं. घरी पत्र लिहायचो, पण पत्रं आधी ऑफिसात वाचली जात.

एक मोठा मुलगा होता, नववीतला असेल. तो रात्री दोन वाजता उठून मला हलवायचा आणि बाहेर घेऊन जायचा. अंधारात हात धरून. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. दोन महिने त्याने हे केलं आणि माझं थांबलं. त्याच्याशी दिवसा मी कधी बोललोही नाही, लाज वाटायची. तो इथे असेल तर त्याने वाचावं एवढ्यासाठी लिहिलं.

*

हे वाचून मी रात्री झोपले नाही. एकच विनंती करते. यावर "पण त्यामुळेच तुम्ही खंबीर झालात" असं कृपा करून कोणी लिहू नका. आठ वर्षांच्या मुलाला त्यासाठी घरापासून लांब ठेवलेलं नव्हतं. आपल्यापैकी कोणाला शेजारच्या खाटेवरचं असं मूल आठवत असेल तर तेही लिहा. मला एक आठवते आहे, आणि मी तिला हात धरून बाहेर नेलं नव्हतं. (२७)

*

पुणे, १९६८–८०

मी विद्यार्थिनी नव्हते. माझी आई एका वसतिगृहात पोळ्या करायची, आम्ही मागच्या खोलीत राहायचो. या बाजूचंही कोणी सांगावं म्हणून लिहितेय.

आई पहाटे चारला परात ओढायची. परात फरशीवर सरकल्याचा आवाज हीच आमची घंटा. कणीक ती एकटी मळायची, पोळ्या तिघी मिळून लाटायच्या. मुलांची नावं तिला येत नसत, पण भूक पाठ होती. "आज तो सोलापूरचा दोनच पोळ्यांवर उठला, ताप असणार," असं म्हणायची, आणि बहुतेक वेळा असायचाच. मग ती त्याच्यासाठी वेगळी मऊ भाताची पेज ठेवायची. परीक्षेच्या दिवसांत पोळ्या कमी खपतात आणि निकालाच्या दिवशी जास्त, हे तिचं ठाम मत होतं.

मे महिन्यात वसतिगृह रिकामं झालं की तिला करमायचं नाही. चार माणसांचा स्वयंपाक तिला जमायचाच नाही. कणीक उरायची, मीठ जास्त पडायचं.

*

हिंगणे, १९५७–६२ (आजी सांगतेय, नात टंकतेय)

आजी म्हणते, आधी लिही की तेव्हा त्याला कोणी कर्वेनगर म्हणत नव्हतं. हिंगणं गावाबाहेर होतं, संध्याकाळनंतर रस्त्याला चिटपाखरू नसायचं. अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, विधवांसाठी आश्रम काढला १८९६ ला, आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरच्या एका झोपडीत नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते रोज तिथवर चालत यायचे. ती झोपडी जपून ठेवली आहे. नव्या मुलीला पहिल्यांदा ती दाखवायला न्यायच्या. आजी गेली तेव्हा नऊवारीतल्या एका वयस्कर बाईंनी तिला तिथे उभं करून सांगितलं, "पोरी, तुझ्याआधी इथे जी आली तिचं केशवपन झालेलं होतं. तू वेणी घालून आलीस. नीट शीक."

१९५८ मध्ये अण्णांना शंभर वर्षं झाली आणि त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. आजीने त्यांना लांबून पाहिलं, खुर्चीवर, अंगावर शाल. तिला त्यांचे कान आठवतात, मोठे आणि पातळ, उन्हात लालसर दिसणारे.

पानशेतच्या पुराचं तर ती दर जुलैत सांगते. १२ जुलै १९६१. शहरात बंडगार्डनचा सोडला तर सगळे पूल पाण्याखाली गेले होते. तिची मैत्रीण नारायण पेठेतली, तिच्या घराचं काही कळेना. मुली रात्रभर भाकऱ्या थापत होत्या पूरग्रस्तांसाठी, ती मैत्रीणही थापत होती, कारण हात रिकामे ठेवले की रडू यायचं. चौथ्या दिवशी तिचा भाऊ आला, कमरेपर्यंत चिखल, हातात भिजलेली ट्रंक. घर गेलं, माणसं वाचली. त्या ट्रंकेतली लग्नाची शालू-पैठणी धुऊन आश्रमाच्या कुंपणावर वाळत घातली होती, आणि तिचा रंग तारेला लागला होता. आजी म्हणते, ते लिहिलंस ना? लिहिलं, आजी.

*

पुणे, वडिलांचा अनुभव, १९४६ पासून

आमच्या बाबांना ट्रंकही नव्हती आणि मेसही नव्हती. सदाशिव पेठेत राहायला जागा मिळाली होती, जेवण वारावर. सात वार, सात घरं. ज्या वारी घर मिळालं नसेल त्या दिवशी झोळी घेऊन माधुकरी. पेठांमधून अशी कितीतरी मुलं तेव्हा शिकली. १९०९ साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, आताचं पुणे विद्यार्थी गृह, अशाच मुलांसाठी होतं.

बाबांना त्या घरांची आडनावं आठवत नाहीत, वार आठवतात. सोमवारचे आजोबा जेवताना श्लोक विचारायचे. बुधवारी ताक पातळ. शुक्रवारी त्या घरातला त्यांच्याच वर्गातला मुलगा शेजारच्या पाटावर असायचा, आणि शाळेत दोघेही ते बोलत नसत. मंगळवारच्या काकू दुसरी पोळी वाढताना विचारायच्या नाहीत, सरळ पानात टाकायच्या. विचारलं की मुलगा नको म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरी आजही कोणाला "वाढू का?" असं विचारलेलं बाबांना खपत नाही.

काही वर्षांपूर्वी ते म्हणाले, मंगळवारकडे जाऊन येऊ. वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे. बोळाच्या वळणावरून त्यांनी जागा ओळखली. खाली पार्किंग, स्कूटरी लावलेल्या. बाबा काठी टेकत भिंतीपासून पावलं मोजत आत गेले आणि एका खांबापाशी थांबले. इथे पायरी होती, म्हणाले. मी त्यांचा हात धरायला पुढे झालो, तर ते खाली वाकून चपला काढत होते.