जुन्या टीव्हीला स्टिक लावावी की सरळ नवा टीव्ही घ्यावा?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे २०१७ चा ४० इंची फुल एचडी स्मार्ट टीव्ही आहे, पॅनल अजून झकास, चित्र आवाज कशालाच काही झालेलं नाही, पण त्यातल्या ॲप्सनी पार मान टाकलीय. यूट्यूब उघडेपर्यंत आई स्वयंपाकघरात एक फेरी मारून येते, बाकीची ॲप्स अपडेटच होत नाहीत आणि जिओहॉटस्टार तर त्याच्या स्टोअरमध्ये दिसतच नाही. भाऊ म्हणतो दिवाळीच्या सेलमध्ये नवा घेऊन टाक, ईएमआय आहे ना. बायको म्हणते पाचेक हजारात टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय पोर्टला लावायची, ॲप्स चालवणारी स्टिक येते, चांगला चालणारा टीव्ही कशाला काढायचा. मला तिचं पटतंय पण स्टिक घेऊनही अडकत अडकतच चाललं तर ते पैसे पाण्यात. घरात आईबाबा सत्तरीच्या पुढचे, त्यांना केबलच्या रिमोटची सवय. नेट ५० एमबीपीएसचं, आपल्या केबलवाल्याकडूनच घेतलंय, राउटर दाराच्या वर लावलाय आणि टीव्ही आतल्या खोलीत. काय करू?

गिरगावकर
दादा, वहिनींचं ऐका. टीव्ही म्हणजे दोन वस्तू असतात, एक पडदा आणि एक आतला छोटा कॉम्प्युटर, आणि म्हातारा होतो तो दुसरा. कंपन्या काही वर्षांनी जुन्या मॉडेलला अपडेट देणं बंद करतात, मग ॲपवाले पण त्याला सोडून देतात. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर बंद झालं ते असंच. त्यात पडद्याचा काय दोष? स्टिक लावली की तो कॉम्प्युटर तेवढा बदलतो आणि तुमचं पॅनल चांगलं आहे म्हणताय, मग २५-३० हजार घालायचं कारणच काय. आणि आज नवा घेतलात तरी स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीत रॅम कमीच असते, चारपाच वर्षांनी हीच रडकथा.

फक्त एक, टीव्ही फुल एचडी आहे म्हणून स्टिकही एचडीचीच घेऊ असं करू नका. ४के चित्र तुम्हाला दिसणार नाही हे खरं, पण वरच्या मॉडेलचा फरक रॅममध्ये, म्हणजे काम करतानाच्या मेमरीत आहे. ॲमेझॉनच्या फायर टीव्हीच्या एचडी स्टिकमध्ये १ जीबी रॅम, ४के मॅक्समध्ये २ जीबी आणि स्टोरेज १६ जीबी. शाओमीच्या ४के स्टिकमध्ये पण २ जीबी रॅम आहे, स्टोरेज मात्र ८. ॲप उघडताना, मागे येताना जो फरक जाणवतो तो इथे, आणि आईबाबांच्या हातात रिमोट असेल तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. बटण दाबल्यावर काही झालं नाही की ती माणसं परत परत दाबतात आणि मग भलतंच काहीतरी उघडतं.

वायरवाला
स्टिकच्या आधी वायफाय बघा हो. ५० एमबीपीएस भरपूर आहे, नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ आणि ४के ला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. घोडं अडतं ते घराच्या आत. मुंबईच्या बिल्डिंगमध्ये मोबाइलवर वायफायची यादी उघडून बघा, वरच्या खालच्या समोरच्या सगळ्यांची नावं दिसतील आणि ती सगळी २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर. त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी पण ते भिंतीतून नीट जात नाही, आणि तुमचा राउटर दाराच्या वर नि टीव्ही आतल्या खोलीत म्हणजे मध्ये किमान एक भिंत आलीच. आधी फोन टीव्हीच्या मागे नेमक्या त्या जागी धरा जिथे स्टिक बसणार आहे, दार लावून घ्या, आणि रात्री नऊला स्पीड टेस्ट करा, दुपारी नको, दुपारी सगळं छानच दिसतं. २० एमबीपीएसच्या वर स्थिर आलं तर डोळे झाकून स्टिक घ्या. नाही आलं तर केबलवाल्याला सांगून राउटर मधल्या पॅसेजमध्ये घ्या, नवा टीव्ही आणलात तरी हे करावंच लागणार आहे.

आणि ती बॉक्समध्ये मिळणारी वीतभर एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर फेकू नका. स्टिक टीव्हीच्या पाठीला भिंतीत दाबली गेली की गरम पण होते आणि सिग्नल पण मार खातो, त्या वायरने ती जरा बाजूला काढता येते.

पार्ले_ईस्ट
मी आईबाबांच्या बाजूने लिहिते. ताबडतोब केबल काढू नका प्लीज. माझ्या सासूबाईंना मालिका साडेसात म्हणजे साडेसातला लागते, चॅनल नंबर पाठ आहे, त्यात ॲप उघडा प्रोफाइल निवडा हे त्यांना नको असतं. केबल एका एचडीएमआयला, स्टिक दुसऱ्याला, दोन्ही सुखाने राहतात. स्टिकवर त्यांना यूट्यूबवरची कीर्तनं आणि नाट्यसंगीत आवडायला लागलं, ते पण माइकचं बटण दाबून नाव बोलायचं एवढं शिकल्यावर. मालिका चुकली तर झी मराठीची झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीची जिओहॉटस्टारवर सापडते, हे त्यांना नंतर कळलं आणि आता भजनाला जाताना घाई होत नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा, जोडलेली उपकरणं टीव्हीला हुकूम देऊ शकतात ती सोय. कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं, सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबलं की टीव्ही आपोआप त्या इनपुटवर येतो. सोर्स बटण शोधत बसणं हा घरातल्या ज्येष्ठांचा खरा त्रास आहे आणि तो यानेच जातो.

अजून एक, क्रिकेट असेल तर केबलवरच बघा. स्ट्रीमिंग मागे असतं, बाजूच्या बिल्डिंगमधून आधी ओरडा येतो आणि मग आपल्याला सिक्सर दिसतो, बाबा वैतागतील.

नवा_टीव्ही_पक्ष
मी जरा वेगळं म्हणतो. टीव्हीचा बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा दिवा गेला, एका बाजूला काळसर ढग दिसायला लागले किंवा एचडीएमआय पोर्ट सैल असेल तर स्टिकवर खर्च करू नका, दुरुस्तीत पैसे जातात आणि भाऊ बरोबर ठरतो. पण यातलं काही नसेल तर मी पण स्टिकच म्हणेन, आणि पुढे टीव्ही बदलला तरी ती काढून त्याला लागतेच.

स्वस्तातले बिनानावाचे अँड्रॉइड बॉक्स, सगळे चॅनल फ्री म्हणून विकतात ते, चुकूनही घेऊ नका. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच उपकरणांबद्दल बॅडबॉक्स २.० म्हणून जाहीर इशारा दिला होता, कितीतरी बॉक्समध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, विकतानाच भरलेलं असतं आणि तुमच्या घरचं नेट दुसऱ्याच्या उद्योगांना वापरलं जातं. ज्या वायफायवर तुम्ही बँकेचं ॲप उघडता त्याच वायफायवर हे बसणार. शिवाय असल्या बॉक्सना वाइडवाइन एल१, म्हणजे एचडी व्हिडिओसाठी लागणारी कॉपी-सुरक्षा, नसतं, म्हणजे पैसे भरूनही नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही.

प्लॅन पण तपासा. नेटफ्लिक्सचा १४९ चा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, १९९ चा चालतो पण ७२० पी, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी, फुल एचडीला ४९९. स्टिकची किंमत एकदाच, हे दर महिन्याला.

मुलुंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार, किती बारकाईने लिहिलंत. काल रात्री टेस्ट केली, टीव्हीच्या मागे दार लावून १४ आला आणि सारखा खालीवर होत होता, हॉलमध्ये मात्र ४६. म्हणजे वायरवाला म्हणतात तेच. केबलवाल्याचा मुलगा रविवारी येऊन राउटर पॅसेजमध्ये घेणार आहे, मग २ जीबीवाली स्टिक. केबल राहणार. बॅकलाइट आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत. एकच शंका, टीव्हीच्या मागे प्लगला जागा नाही, स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर चालवली तर चालेल ना?

वायरवाला
नको. जुन्या टीव्हीच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपियरच मिळतो, स्टिकला त्याहून जास्त लागतो, मग मध्येच रिस्टार्ट होते आणि लोक स्टिकला नावं ठेवतात. सोबत आलेला ॲडॅप्टरच वापरा. रविवारी तो मुलगा येईलच तेव्हा बोर्डाचं काम करणाऱ्यालाही बोलवा, टीव्हीच्या मागे दोन पॉइंट काढून घ्या, एक स्टिकला आणि एक सेट टॉप बॉक्सला, आणि स्विच आईंचा हात पोचेल असा बाजूला.