एकट्यादुकट्या कवटीवर आकडेमोड करून प्रजाती ठरवावी का?

गोरेगावकर:
नर्मदाकाठी हथनोऱ्याला 1982 मध्ये अरुण सोनकियांना कवटीचा वरचा भाग सापडला. आधी ठरलं होमो इरेक्टस, म्हणजे माणसाची एक जुनी, नामशेष प्रजाती, नंतर दुसऱ्यांनी मापं घेऊन सांगितलं की नाही, हा तर आदिम सेपियन्स, म्हणजे आपल्याच प्रजातीचं जुनं रूप. कवटी तीच, नाव बदललं! एकच तुटकी कवटी, तिच्या मापांवरून आलेखावर टिंब काढायचं आणि शेजारचं टिंब ज्याचं त्याचं नाव हिला द्यायचं, हे मला पटत नाही.

कल्याणी_परळ:
दादा, उलट आकडेमोड नसेल तर नावांचा पाऊस पडतो. जॉर्जियातल्या द्मानिसीला सुमारे 18 लाख वर्षांपूर्वीच्या 5 कवट्या मिळाल्या, एकीचा मेंदू 546 घनसेंमी नि जबडा दांडगा, दुसरीचा 700 च्या वर, नुसत्या डोळ्यांनी बघणारा दोन-तीन प्रजाती सहज करेल. 2013 मध्ये संशोधकांनी तपासलं की आजच्या माणसांत आणि चिंपांझींत आपापसात किती फरक असतो, तर द्मानिसीचा फरक त्यातच बसला. विरार लोकलच्या एका डब्यातली पाच डोकी मोजून बघा ना, केवढी वेगळी निघतील! आणि लांबी-रुंदी एकमेकींना धरून वाढतात, तीच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून तर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी 1936 मध्ये दोन गटांतला फरक एका आकड्यात सांगणारं अंतराचं सूत्र मांडलं.

गोरेगावकर:
ताई, डब्यातले सगळे एकाच दिवसाचे प्रवासी, द्मानिसीचे पाचजण एकाच पिढीतले होते हे कुठे ठरलंय? आणि मापांचा इतिहास विसरू नका, ब्रिटिश अधिकारी रिस्लेने नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती, आकडे होते म्हणून लोकांनी खरंही मानलं, त्याचा मला अजून राग येतो.

माहीमकर:
राग बरोबर आहे, पण मग इरावती कर्व्यांचं काय? बर्लिनमध्ये त्यांचे गुरू ऑयगेन फिशर, त्यांचा समज असा की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो आणि त्यात गोरे श्रेष्ठ. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि तसा फरक सापडत नाही असं त्यांच्याच हाताखाली राहून लिहून दिलं. फिशरना खोटं ठरवलं ते मोजमापानेच.

गोरेगावकर:
हे मान्य, मनापासून. पण 149 कुठे आणि 1 कुठे. नर्मदेच्या कवटीचं टिंब काढाल तर भोवती मापात किती चूक असू शकते ते दाखवणारा पट्टा पण काढा, आणि तो दोन्ही प्रजातींवर पसरत असेल तर नाव देऊ नका, नुसती नर्मदेची कवटी म्हणा.