फेसबुक ग्रुप सोडून स्वतःचा फोरम: जुने फोटो आणि माहिती न्यायची कशी?

सूरसागर_काठ: नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांचे, मांडवी-दांडिया बाजार भागातले फोटो जमवणारा आमचा फेसबुक ग्रुप आहे. सभासद चारशेच्या आत. पोस्ट टाकली तर निम्म्यांना दिसतच नाही, म्हणून डिस्कोर्सवर (फोरम चालवायचं सॉफ्टवेअर) फोरम काढायचं चाललंय. ग्रुपमधलं सगळं एकदम उतरवून घेता येतं का? सर्व्हर केवढा लागेल?

दप्तरखाना: एकदम नाही येत. ॲडमिन असलात तरी माहिती डाउनलोड केल्यावर फक्त स्वतःच्या पोस्ट आणि कॉमेंट मिळतात. बाहेरच्या साधनांना ग्रुप वाचू देणारी सोय फेसबुकने 2024 मध्ये बंद केली.

तुमचा खरा ऐवज फोटोखालीच असणार: वाडा कुणाचा, डावीकडून तिसरे कोण. ते हातानेच उतरवा. तक्त्यात फोटोचा क्रमांक, टाकणाऱ्याचं नाव, तारीख, आणि ओळख कुणी पटवली ते. जिथे वाद झालाय त्या पोस्ट आधी घ्या, माहिती तिथेच सापडते. कॉमेंटची यादी ‘सर्व’वर करून घ्या, नाहीतर काही गाळल्या जातात.

फोटो ग्रुपवरून सेव्ह करू नका. चढवतानाच ते दाबून लहान होतात, कॅमेऱ्याची नोंदही पुसली जाते. मूळ फाइल मागवा, व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. छापील असेल तर 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन.

पोर्ट_५८७: सर्व्हरला 2 जीबी रॅम घ्या. 1 जीबीवर स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कची जागा वापरणं) लावून चालतं, पण अपडेटच्या वेळी दम लागतो. घोडं अडतं ते ईमेलपाशी. नोंदणीची मेलच पोचली नाही तर माणूस आत येणार कसा? बऱ्याच क्लाउड कंपन्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवायचं 25 नंबरचं पोर्ट बंद ठेवतात. मेल पाठवणारी वेगळी सेवा घेऊन 587 नंबरचं पोर्ट वापरा, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी टाका, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे समोरच्याला पटतं. नाहीतर सगळं स्पॅममध्ये.

सूरसागर_काठ: त्यापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुप सोपा नाही का?

दप्तरखाना: 1024 माणसं मावतात, पण गेल्या वर्षीचा एखादा फोटो त्यात शोधून दाखवा! शिवाय प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बायका गप्प बसतात ते त्यामुळेच.

मांडवी_नाका: घाईने अकाउंट मिटवू नका, दादा. अकाउंटबरोबर तुमच्या पोस्ट जातात आणि त्यांच्याखालच्या इतरांच्या कॉमेंटही. आधी दुसरा ॲडमिन नेमा, नव्या पत्त्याची पोस्ट वर लावा, मग ग्रुप पॉज करा, म्हणजे नव्या पोस्ट थांबतात. फेसबुकने लॉगिन होणाऱ्या इतर साइटी ईमेलवर वळवा. मिटवल्यावर विचार बदलला तर 30 दिवसांच्या आत लॉगिन करून थांबवता येतं.