भाईंच्या नावाने टूर्नामेंट करायची, पण कशी?

लेफ्टबॅक_डिचोली
आमच्या वाड्यावरच्या पोरांना फुटबॉल शिकवणारे भाई चवथीच्या आधी गेले. शेतं कापून झाली की त्यांच्या नावाने टूर्नामेंट घ्यायची असं क्लबात चाललंय. बेत असा: रात्रीचे सामने, फ्लडलाइट, सात-सात जणांचे संघ, रोख बक्षीस, बाहेरचे खेळाडू आणायला मोकळीक. गर्दी होईल, पण भाईंना हे रुचलं असतं का? त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांनी लिहा. स्मरणिकेलाही मजकूर हवाय. "मनमिळाऊ क्रीडाप्रेमी" वगैरे नको, तसलं आमचं आम्हीही लिहू.

मयेची_विंगर
मी खेळलेय. आले होते खो-खोला, त्यांनी धावताना बघितलं आणि विंगला उभी केली. आईला विचारायला स्वतः घरी आले. सोप्यावर बसून बराच वेळ भाताबद्दलच बोलले आणि उठता उठता म्हणाले, "साडेपांचांक चली घरा पावतली." म्हणजे साडेपाचला मुलगी घरी पोचेल. पोचायचेही. सामना कितीही रंगात असो, सव्वापाचला शिट्टी!

मैदान म्हणाल तर सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापलं की मोकळं होणारं शेत. खालच्या अंगाला पाणी, तिथे वायंगण, म्हणजे हिवाळी भात, लागायचं, म्हणून आम्ही वरच्या कोरड्या तुकड्यात. आधी कोयती घेऊन धसकटं काढायची, मग पोफळीचे दांडे पुरून गोल. 12 वर्षांखालच्या पोरांना पाच नंबरच्या बॉलला हात लावू देत नसत, त्यांना चार नंबरचाच. आम्हाला वाटायचं भाई चिकट आहेत, मोठा बॉल जपतात. आता मी शाळेत पीटी घेते तर नियम तोच, लहान पायाला लहान बॉल. हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे.

गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार नसे. मग भाई ब्रह्मानंद शंखवाळकरांचं सुरू करायचे: तोही गोलीच, आणि त्याच्याच कप्तानीत 1983-84 साली गोव्याने राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी आणली. की लागली भांडणं, आज गोली कोण! 2022 मध्ये ब्रह्मानंदना पद्मश्री मिळाली तेव्हा भाईंनी वाडाभर पेढे वाटले, जणू घरचा भाचाच पास झाला.

जुना_ट्रकवाला
आमच्या वेळची बरीच पोरं खेळ सोडून खाणीच्या ट्रकांवर चढली, मीही. भाई रागावले नाहीत, उलट ट्रकमालकांकडून जर्सीचे पैसे काढायचे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि जर्सीचा दाताही गेला. मग जुन्याच जर्सींचे नंबर उसवून नवे शिवून घेतले.

रोख बक्षिसाला त्यांचा विरोध होता हे खरं. म्हणायचे, पैसे ठेवले की बाहेरचे खेळतात आणि गावची पोरं बांधावर बसून टाळ्या वाजवतात. पण फ्लडलाइटला नावं ठेवू नका. औद्योगिक वसाहतीतून सहाला सुटणाऱ्याने खेळायचं कधी?

मयेची_विंगर
बरोबर, मोठ्यांचे रात्री खेळवा. पण दुपारी 12 वर्षांखालच्यांचे सामने ठेवा, मुलींचेसुद्धा, आणि खेळाडू तालुक्यातलेच. बक्षीस म्हणून बॉल द्या, हरलेल्या संघांनाही. पुढचे सहा महिने सराव त्यांनाच जास्त लागणार आहे.

तारीख शिगम्यात धरू नका, रोमटात, त्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, अर्धे संघ गायब होतील. आणि रविवारी सकाळी चर्चमधली मीस (प्रार्थना) सुटल्याशिवाय पहिला सामना लावू नका. आमची गोली तिकडेच असायची, आणि भाई तिच्यासाठी सगळ्यांना थांबवून धरायचे. समोरचा संघ कुरकुरला तर त्यालाच मैदानाला चार फेऱ्या!

स्मरणिकेत त्यांचा तो शाल-नारळवाला फोटो घालू नका. पंप मारतानाचा कोणाकडे असला तर शोधा.

लेफ्टबॅक_डिचोली
क्लबात बोललो. दुपारचं मान्य झालंय, रोख रकमेवर अजून वाद आहे. जाहिरातवाल्याला आकडा हवाय. आकडा हवाच असेल तर बॉल किती ते छापा म्हणालो, बघू. ताई, मुलींचे चार संघ तरी जमायला हवेत, तुमच्या शाळेतून एक येईल का? आणि पोफळीचे दांडे कोणाच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) मिळतील ते कळवा, लोखंडी गोलपोस्ट लहानांना फार मोठे पडतात.