जुन्या सफारीमागे जनरेटरची ट्रॉली, भेरूघाट उतरेल का?

राजवाडा_सफारी
नमस्कार मंडळी. २००८ ची सफारी डायकोर २.२ आहे, सव्वादोन लाख किमी झालेत पण इंजिन अजून मक्खन. खंडव्याच्या मामांचा मंडपाचा धंदा आहे, त्यांनी इंदूरला एक जुना जनरेटर घेतलाय, दोन चाकी ट्रॉलीवरच बसवलेला, विकणारा म्हणतो सगळं मिळून १४०० किलो. ट्रॉलीला ब्रेक नाहीत. ट्रकवाला भाडं फार सांगतोय म्हणून मामा म्हणाले तुझी एवढी धिप्पाड गाडी आहे, आण की ओढून. हुक आहे, आधीच्या मालकाने बंपरला लावलेला. १४० पीएस, ३२० एनएम टॉर्क म्हणजे ओढेल ना? सिमरोलच्या पुढे घाटाचीच धाकधूक आहे.

मिस्त्रीकाका
ओढेल रे. थांबवशील कसा ते सांग आधी. तू खंडव्याकडे निघालास म्हणजे घाट तुला उतरायचाय, तिथे टॉर्क काय कामाचा? गाडी स्वतःच दोन टनाच्या आसपास आणि मागून १४०० किलो ढकलणार, सगळा भार तुझ्या ब्रेकवर. ब्रेक ऑइल कधी बदललंस? ते हवेतलं पाणी ओढतं, नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलचाच एक प्रकार) निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तेच १४० च्या आसपास. उकळलं की पॅडल सरळ खाली. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, ते काय येडे आहेत का?
आणि बंपरचा हुक? बाबा, बंपर पत्र्याचा, हुक चेसिसला पाहिजे.

भियाजी_पलासिया
काका उगाच घाबरवतायत, आम्ही बोलेरोने याहून जड ओढलंय. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका, बस.

निमाडकर
गिअरचं बरोबर आहे, पण भियाजी, तुमचं ओढणं सपाटीवरचं असेल. बडवाहला माझ्या डोळ्यांदेखत एक ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागली आणि गाडीच आडवी झाली. वजन मागे जास्त होतं, जनरेटरच्या मागे वायरींचे बंडल टाकलेले. साधारण दहा ते पंधरा टक्के वजन हुकवर यायला पाहिजे, म्हणजे १४०० वर १४० ते २१० किलो, कमी असलं की डुलणं सुरू. डुललीच तर घाबरून ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग झटकायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडून सरळ धरून ठेवायचं. बोलायला सोपं आहे म्हणा. आणि ट्रॉलीचं वेगळं रजिस्ट्रेशन आहे का, मागे लाइट लागतात का, तेही बघा. विकणाऱ्याच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका, धरमकाट्यावर चढवा.

राजवाडा_सफारी
आज चढवली. १७२० किलो! टाकीत डिझेल होतं आणि कॅनोपी, म्हणजे जनरेटरवरची पेटी, विकणाऱ्याने धरलीच नव्हती. काका, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते मलाच आठवत नाही, बाटलीत बघितलं तर चहासारखं काळपट. आयशर ठरवली, क्रेनने वर ठेवणार. मामा फोनवर तुटक बोलतायत. हुक काढायला गॅरेजला गेलो तर खालचे दोन बोल्ट पाना न लावता हातानेच फिरले.

मिस्त्रीकाका
हुक मामांना पाठव.